दारू रिवाजाची आणि दारू बाजाराची

नंदुरबार जिल्ह्यातल्या तरुणांच्या व्यसनाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येते : आदिवासींमध्ये दारू पूर्वापार आहे, ती देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते, मग पोरे पिणारच. कुणी हे सहानुभूतीने म्हणतो, कुणी तुच्छतेने, तर कुणी शहरातल्या अभ्यासू बैठकीत कौतुकानेही म्हणतो. परिणाम तिन्हीकडे सारखाच. सगळा भार पिणाऱ्याच्या जमातीवर आणि तिच्या चालीरीतींवर पडतो, आणि दारू गाळतो कोण, बाटलीत भरतो कोण, डोंगरापर्यंत वाहून आणतो कोण, तिच्यावर कर घेतो कोण, हे प्रश्न विचारायचेच राहून जातात. या लेखातले म्हणणे थोडक्यात असे : सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात आज जी दारू आहे ती बहुतांशी रिवाजाची उरलेली नाही, ती बाजाराची आहे. तो बाजार गेल्या दीडशे वर्षांत कायद्याने, महसुलाने आणि राज्यांच्या सीमांनी घडवला आहे. ज्या समाजाला जन्मजात दारुडा ठरवले जाते, त्याच समाजाने या जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारी शंभर वर्षांत निदान तीनदा दारूविरुद्ध मोठे बंड केले आहे. हा इतिहास बाजूला ठेवून व्यसनमुक्तीची व्याख्याने देणे म्हणजे ज्यांना या लढ्याचा सर्वांत जास्त अनुभव आहे त्यांनाच धडे देणे होय.

जिल्ह्याचा नकाशा आधी डोळ्यांसमोर आणायला हवा. धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या वायव्य टोकाला आहे. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख भरली आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी, वसावे अशी ही वस्ती. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, दक्षिणेला तापीकाठची काळी जमीन. अक्राणी आणि अक्कलकुवा हे डोंगरी तालुके. शहादा, तळोदा, नंदुरबारचा बराच भाग सपाटीचा, ऊस-केळी-पपईचा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला गुजरात. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये आहे, आणि लोक ते गमतीने दाखवतात. दारूच्या धंद्यात मात्र याच रेषेला किंमत आहे. रेषेच्या पलीकडे १९६० पासून दारूबंदी आहे, अलीकडे परवान्याची दुकाने आहेत, आणि दोन्हीकडचा मूळ कायदा एकच, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा.

आता रिवाजाकडे येऊ, कारण आक्षेप तिथूनच सुरू होतो. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की पहाटेपासून घरातली बायापोरे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. ही फुले वाळवून वर्षभर ठेवली जातात. टंचाईच्या काळात ती भाजून-शिजवून खाल्ली जात, गुरांना घातली जात, आणि काही भागाची दारू निघे. त्या दारूची जागा ठरलेली होती. पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडल्याशिवाय ती कुणी ओठाला लावत नसे. गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातील देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेला महाशिवरात्रीच्या यात्रेत आजही मोहाची दारू वाहतात आणि त्यासाठी सातपुड्यातून माणसे पायी जातात. होळी, लग्न, पेरणीपूर्वीचे देवकार्य, पंचांची बैठक, मयताचे दिवस अशा प्रसंगी ती असे. किती निघणार हे घरातल्या फुलांवर अवलंबून होते, आणि पिणे चारचौघांत, वडीलधाऱ्यांसमोर होत असे. म्हणजे फुलांचा साठा, प्रसंग आणि लोकांची नजर, अशी तीन कुंपणे तिच्याभोवती होती. या चित्राला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्या काळातही दारूच्या धुंदीत बायकांना मार बसे, भांडणे खुनापर्यंत जात, आणि सणाच्या दिवशी लहान मुलाच्या जिभेवर दोन थेंब टेकवण्यात कुणाला गैर वाटत नसे. ही शेवटची चाल आज तरी सोडलीच पाहिजे. तिच्या समर्थनार्थ संस्कृतीचे नाव घेऊ नये. तरीही रोज संध्याकाळी, एकट्याने, उधारीवर, घरातला दाणा विकून पिणारा विशीतला मुलगा या व्यवस्थेत बसत नाही. तो नंतर आला.

तो कसा आला याची सुरुवात इंग्रजी अमलात सापडते. मुंबई इलाख्यात १८७८चा अबकारी कायदा आला आणि घरी दारू गाळणे गुन्हा ठरला. दारू गाळायची ती सरकारमान्य भट्टीत, विकायची ती मक्तेदाराच्या दुकानात, आणि प्रत्येक घोटावर कर. ठाणे-कुलाबा भागासाठी १८९२ साली मोहफुलांवर बंधने घालणारा स्वतंत्र कायदाच केला गेला, म्हणजे झाडाखालच्या फुलालाही पोलीस लागले. ज्या वस्तूला आजवर पैसे पडत नव्हते ती आता विकत घ्यायची, आणि हातात नाणे नसले तर दुकानदाराकडे नाव लिहायचे. दुकानदार बहुधा सावकारीही करी. पश्चिम खानदेश, सुरत, डांग या साऱ्या पट्ट्यात कर्जाच्या वहीत धान्य, कापड आणि दारू एकाच पानावर आली. त्या वहीच्या शेवटी जमीन होती. दारूने आदिवासीची जमीन घालवली असे सरळ म्हणणे अपुरे आहे. व्याज, खोटे दस्त, वनखात्याची बंदी, महसुलाची रोकड मागणी ही सारी कारणे होती. पण दारूची उधारी हा त्या दोरातला एक जाड पीळ होता. अबकारी उत्पन्न सरकारी खजिन्याचा मोठा आधार बनले, आणि तेव्हापासून जे राज्य दारूबद्दल उपदेश करते तेच तिच्यावर पोसलेही जाते. ही अडचण स्वातंत्र्यानंतरही गेली नाही.

आणि इथेच जिल्ह्याचा खरा वारसा सुरू होतो. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली एक लाट नाशिक-डांगच्या डोंगरांतून सुरत जिल्ह्यात पोचली. देवी माणसांच्या अंगात येते आणि आज्ञा करते, अशी ती लाट होती. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या मक्तेदाराकडे मजुरीला जाऊ नका, अशा त्या आज्ञा. त्या काळात सुरत भागात मक्तेदार बहुतेक पारशी होते आणि त्यांच्याकडे जमिनीही होत्या. तेव्हा दारू सोडणे हा आपोआप जमीनदाराविरुद्धचा बहिष्कार झाला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात या चळवळीचा जो अभ्यास केला त्यातून दिसते की कोणत्याही पुढाऱ्याने शिकवण्यापूर्वीच आदिवासींनी हे ठरवले होते. गांधीवादी कार्यकर्ते तिथे नंतर पोचले. पंधरा वर्षांनी, १९३७-३८च्या सुमारास, तळोदा तालुक्यात गुला महाराजांचा आपपंथ उभा राहिला. एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, दारू वर्ज्य करायची, स्वच्छ राहायचे, असा त्याचा गाभा. आरतीला हजारोंनी लोक जमत. गुला महाराज १९३८ साली वारले, आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते काम पुढे नेले. ज्याला गावात कुणी आदराने हाक मारत नव्हते त्याने शेजाऱ्याला ‘आप’ म्हणायला सुरुवात करणे आणि त्याच दिवशी दारू टाकणे, या दोन गोष्टी त्या लोकांना वेगळ्या वाटल्या नाहीत.

तिसरे बंड सर्वांत जवळचे, आणि आजच्या प्रश्नाशी थेट नाते सांगणारे. शहाद्याच्या सपाट भागात आदिवासी शेतकऱ्याची जमीन जाऊन तो वर्षाच्या कराराने राबणारा सालदार झाला होता. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि बाहेरून आलेल्या काही तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. मागण्या होत्या गेलेल्या जमिनीच्या, मजुरीच्या आणि रोजगार हमीच्या कामाच्या. पण बायकांची शिबिरे भरू लागली तेव्हा त्यांनी दुसराच प्रश्न पुढे ठेवला : मजुरी वाढून उपयोग काय, ती गुत्त्यात जाते आणि रात्री मार आमच्या वाट्याला येतो. शिबिरांतून उठून त्या जथ्याने गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना सर्वांसमोर जाब विचारला. भारतातल्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचे नाव येते ते या १९७२-७३च्या लढ्यामुळे. आणि महाराष्ट्र सरकारने परवानाधारक देशी दारूच्या निर्मिती-विक्रीचे सविस्तर नियम केले तेही १९७३ सालचे. एकीकडे शहाद्याच्या शेतमजूर बाया मडकी फोडत होत्या आणि दुसरीकडे त्याच राज्यात देशीच्या बाटलीला रीतसर वाट मिळत होती. पुढची पन्नास वर्षे या दोन प्रवाहांपैकी कोणाच्या मागे पैसा आणि कायदा उभा राहिला हे वेगळे सांगायला नको.

आजचा बाजार तीन थरांचा आहे. तळाशी गावठी. पण तिच्यातही मोह उरला आहे तो नावापुरता; काळा गूळ आणि नवसागर यांपासून निघणारी हातभट्टी स्वस्त पडते, बारमाही निघते आणि तिला झाडाचा ऋतू लागत नाही. ताडीचेही तेच : झाडाची ताडी हिवाळ्या-उन्हाळ्याची, सकाळची गोड आणि दुपारपर्यंत आंबलेली, पण तिच्या नावाखाली गुंगीचे रसायन कालवलेले पाणी विकणारा बाजार महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पकडला गेला आहे. भेसळ माणसे मारते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, २०२२ साली गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून अधिक. दुसरा थर परवान्याच्या दुकानातली देशी. तिसरा सीमेपलीकडची वाहतूक. मध्य प्रदेशातून किंवा आणखी लांबून निघालेला माल गुजरातेत न्यायचा तर सातपुड्याच्या पायथ्याचे आणि नवापूरकडचे रस्ते सोयीचे पडतात. ट्रक पकडला गेला की बातमी होते. पण शेवटचे काही कोस, आडवाटेने, खोकी दुचाकीवर टाकून नेणारा असतो तो गावातला तरुण. दिवसभराच्या मजुरीपेक्षा एका खेपेत जास्त मिळते, गाडीचे हप्ते फिटतात, आणि अडकला तर अडकतो तोच. मालाचा धनी दूर राहतो. तरुणाच्या व्यसनाची चर्चा करताना हा तरुण विसरला जातो. त्याला आपण फक्त गिऱ्हाईक समजतो. इथे तो हमालही आहे, आणि पुष्कळदा हमालीतून गिऱ्हाईक झालेला आहे.

या वयातच ही गोष्ट इतकी का बोचते याला शरीराचे कारण आहे आणि कामाचेही. निर्णय तोलण्याचे, आवेग आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत दिसले की पंधराव्या वर्षाआधी पिऊ लागलेल्यांमध्ये आयुष्यात कधीतरी दारूच्या पूर्ण आहारी जाण्याचे प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते. यात घरच्या परिस्थितीचा वाटाही असतो, त्यामुळे सारा दोष वयावर टाकता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. महाराष्ट्राचा कायदाही बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही अट घालतो. ती अट पाड्यावरच्या विक्रेत्याला ठाऊक असली तरी तिच्यासाठी कुणी कागद मागत नाही. कामाचे कारण जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेत आहे. दिवाळीनंतर इथली हजारो कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हिशेब हंगाम संपताना. आश्रमशाळेत दहावी-बारावीपर्यंत वसतिगृहाच्या घंटेवर जगलेला मुलगा शाळा सुटली की थेट फडावर पोचतो. दिवसरात्र अंग मोडणारे काम, पालात झोप, मन रमवायला दुसरे काही नाही, आणि थकवा घालवायला घोटभर घे म्हणणारे वडीलधारेच सोबत. बंदीच्या राज्यातही फडावर दारू पोचते, फक्त महाग पोचते. होळीला तो गावी येतो तेव्हा हातात एकदम मोठी रक्कम तरी असते किंवा फिटलेली उचल आणि रिकामा खिसा तरी. दोन्ही अवस्थांत दुकान जवळ असते.

आकडे काय सांगतात? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली राष्ट्रीय पाहणी हा आपल्याकडचा सर्वांत मोठा आधार. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, रुग्णालयात दाखल होऊन मिळतात ते १८० जणांत एकाला. मला या पाहणीतली सर्वांत जड गोष्ट हीच वाटते. पिणाऱ्यांच्या संख्येवर आपण बोलत राहतो. सोडू पाहणाऱ्याला दार मिळत नाही याची कुणाला लाज वाटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील १३.९ टक्के पुरुषांनी दारू पीत असल्याचे सांगितले, गुजरातेत ५.८ टक्के पुरुषांनी. बंदीच्या राज्यात माणूस खरे सांगत नाही हे धरूनही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

दारूखेरीज इतर नशांबद्दल थोडेच लिहितो. शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात गांजाच्या लागवडीवर वारंवार छापे पडतात. मालेगाव भागात अल्प्राझोलामची गोळी ‘कुत्ता गोळी’ म्हणून पोरांच्या तोंडी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आला. हे सगळे नंदुरबारपासून काही तासांच्या वाटेवर आहे आणि महाविद्यालयांच्या आसपास लक्ष ठेवायलाच हवे. पण नव्या नशेची धास्ती घेऊन शहरी पालकांसाठी मोहीम चालवायची आणि पाड्यावरची हातभट्टी जुनी म्हणून सोडून द्यायची, हे माणसांच्या जिवाची प्रतवारी लावणे आहे.

आता आक्षेपांकडे. पहिला स्वातंत्र्याचा : सज्ञान माणसाने काय प्यावे हे गावाने किंवा सरकारने का ठरवावे? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आदिवासी समाजावर बाहेरच्यांनी नियम लादण्याचा इतिहास मोठा आहे आणि १८७८चा कायदा त्याचाच भाग होता. म्हणूनच देवकार्यापुरती घरी गाळलेली मोहाची दारू आणि विक्रीसाठी चालवलेली भट्टी यांत फरक करायला हवा. मध्य प्रदेशाने आदिवासींना घरगुती वापरापुरती मर्यादित सूट ठेवली आहे. महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुले गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची बंधने सैल केली ती उशिरा का होईना योग्यच केली. पण सोळा वर्षांच्या मुलाला विकण्याचे स्वातंत्र्य असे काही नसते. आणि दारू पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब करताना तिची किंमत चुकवणाऱ्या बाईचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप बंदीच्या अपयशाचा, आणि त्याला पुरावा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये ती उठवण्याचा निर्णय झाला. अवैध विक्री वाढली, तीत बायका-मुले ओढली गेली असे कारण देण्यात आले. गुजरातने विषारी दारूसाठी फाशीपर्यंतची तरतूद केली तरी बोटाद घडले. मग बंदी कशाला? माझ्या मते या उदाहरणांतून निघणारा धडा वेगळा आहे. राजधानीत निघालेला आदेश पोलिसांच्या हाती सोपवला की त्याची किंमत ठरते आणि ती हप्त्याने वसूल होते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथेही नुसत्या आदेशाने भागले नाही, म्हणून २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाच्या कामात गावसंघटना, तालुक्याच्या ठिकाणी उपचार आणि विक्रेत्यांवरचा दबाव एकत्र बांधावा लागला. शहाद्याच्या बायकांकडे तर आदेशच नव्हता. त्यांच्याकडे संघटना होती आणि त्याच संघटनेच्या हातात जमिनीचा आणि मजुरीचा लढाही होता. तिसरा आक्षेप, की मूळ रोग गरिबी आहे आणि दारू हे नुसते लक्षण, इथेच सुटतो. लक्षण असो वा रोग, शहाद्याच्या चळवळीने दोन्ही एकाच शिबिरात हाताळले. पोटाचा लढा आधी आणि दारूचा नंतर अशी रांग त्यांनी लावली नाही. कारण पगाराचा दिवस आणि मार खाण्याचा दिवस एकच होता.

मात्र एका बाबतीत जुन्या चळवळींची नक्कल करून चालणार नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याला गावाने दंडाच्या धाकाने एका रात्रीत दारू तोडायला लावली तर त्याचे हातपाय थरथरतात, फेफरे येऊ शकते, भ्रम होतो, आणि वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही तर तो दगावूही शकतो. त्या चार-सहा दिवसांत देखरेख, योग्य औषधे आणि थायमिन लागते, आणि हे काम प्रशिक्षण दिल्यास ग्रामीण रुग्णालयातही होण्याजोगे आहे. उलट ‘पिणाऱ्याला न कळवता भाजीत कालवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या घातक ठरू शकतात. त्यांत डायसल्फिराम असेल तर वर दारू प्यायलेल्याचा रक्तदाब कोसळू शकतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण उभे केले आणि व्यसन हा आजार आहे, अपराध नाही, हे मराठी मध्यमवर्गाला पटवले. हीच समज भिलोरी, पावरी, मावची बोलीत, तिथल्याच माणसांकडून सांगितली जायला हवी. नंदुरबारमध्ये २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मानसोपचार विभागाचा दवाखाना आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या धडगाव-मोलगीला नेता आला, तर पिणाऱ्याला डोंगर उतरून नंदुरबारला येण्याची गरज पडणार नाही. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज असते त्याला एवढा प्रवास बहुधा झेपत नाही.

राहिला अधिकाराचा प्रश्न, आणि कागदावर तो अधिकार आहे. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री रोखण्याचा, नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेला. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादा-नंदुरबारमधली अनेक गावे या क्षेत्रात येतात. पण पेसा पंचायतींपुरता आहे. नगरपालिका आणि नगरपंचायतींना तो लागू नाही. धडगाव नगरपंचायत झाली आणि अक्राणी तालुक्याची मुख्य बाजारपेठ या कायद्याच्या बाहेर गेली. डोंगरातल्या वीस पाड्यांनी ठराव केला तरी बाजाराच्या दिवशी ती माणसे जिथे उतरतात तिथे त्यांचा ठराव पोचत नाही. दुसरा मार्ग २००८च्या आदेशाचा, ज्याला लोक ‘आडवी बाटली’ म्हणून ओळखतात : पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदान, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक बायकांनी दुकानाविरुद्ध कौल दिला तर ते बंद. म्हणजे मतदानाला न आलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. दिवाळी ते होळी ज्या गावातल्या बायका गुजरातेतल्या बारडोलीच्या उसात असतात, त्या गावासाठी ही अट जवळपास अशक्य आहे. म्हणून मागणी स्पष्ट आणि छोटी ठेवावी. अनुसूचित क्षेत्रात हे मतदान स्थलांतरित कुटुंबे परतल्यानंतरच, उन्हाळ्यात घ्यावे. निर्णय प्रत्यक्ष झालेल्या मतांच्या बहुमताने व्हावा. आणि नगरपंचायतीतल्या दुकानाचा परवाना दरवर्षी नवा करण्यापूर्वी भोवतालच्या पेसा ग्रामसभांची लेखी संमती बंधनकारक करावी. यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणावा लागणार नाही, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या आदेशांत आणि नियमांत दुरुस्ती केली तरी पुरे. ती मागणी घेऊन मुंबईला कुणी जायचे हे मात्र शहाद्यात, तळोद्यात आणि धडगावात ठरेल, आणि त्या शिष्टमंडळात विशीतली मुले-मुली निम्म्याने असावीत.